दहा रात्रींची चिठ्ठी

थंडी आहे, बाहेर चार वाजताच अंधार पडतोय. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता स्वयंपाकघरात असाल, कुणी गाडीत असेल. काम चालू राहू द्या, कान फक्त इकडे द्या. आज मी बोलणार आहे घबराटीवरच्या गोळ्यांबद्दल. त्या कुठल्या, काय करतात, किती दिवस घ्यायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद कशा करायच्या.

मी इथे इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या पलीकडे उभं राहून लोकांना गोळ्या समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. तरीही आजची गोष्ट मी माझ्या स्वतःच्या घरापासून सुरू करते, कारण तिथे मी चुकले होते.

तीन वर्षांपूर्वी माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. ऑक्टोबरात आली, दिवाळी केली, नातवाला चकलीचा सोऱ्या फिरवायला शिकवलं. सगळं छान चाललं होतं. फेब्रुवारीत अचानक तिची झोप उडाली. रात्री दोन-दोन वाजता दिवाणखान्यात बसलेली दिसायची. हात थरथरायचे, चहाचा कप बशीवर वाजायचा. घाम यायचा, छातीत धडधड व्हायची. फ्रिजचा आवाजसुद्धा तिला सहन होईना. आम्ही म्हटलं, थंडी बाधली. मग म्हटलं, घरची आठवण येत असेल. मी तिला आल्याचा काढा दिला, हळदीचं दूध दिलं. फार्मासिस्ट मुलगी, आणि हळदीचं दूध!

पाचव्या रात्री ती मला म्हणाली, "अगं, माझी ती डोकं शांत करायची गोळी संपली. तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने रिकामी पट्टी काढली. क्लोनाझेपाम, अर्धा मिलिग्रॅम. दहा गोळ्यांच्या बारा पट्ट्या घेऊन ती विमानात बसली होती. बाबा गेले तेव्हा तिला झोप लागेना, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली होती. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं: रोज रात्री एक, दहा दिवस. बाबांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. दहा रात्रींची ती चिठ्ठी आठ वर्षं चालली. ओळखीचा दुकानदार, घरपोच गोळ्या, कुणी विचारलं नाही. आणि दर रविवारी व्हिडिओवर तिच्याशी तासभर बोलणाऱ्या मीही कधी विचारलं नाही की आई, तू रात्री काय घेतेस?

आता या गोळ्या काय करतात ते सांगते.

आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. गाडीला जसा ब्रेक, तसं ते मेंदूचं काम. पेशींचा गोंगाट कमी करायचा. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या सगळ्या एकाच घराण्यातल्या गोळ्या. घराण्याचं नाव बेन्झोडायझेपिन. या गोळ्या त्या ब्रेकवर पाय दाबून धरतात. अर्ध्या-एक तासात बरं वाटतं. म्हणून तर त्या इतक्या आवडत्या झाल्या. या घराण्यातलं पहिलं औषध, लिब्रियम, १९६० साली बाजारात आलं. १९६३ मध्ये व्हॅलियम आलं, म्हणजेच डायझेपाम. त्याआधीच्या झोपेच्या औषधांचा डोस थोडा जास्त झाला तर जीव जायचा, त्या मानाने या गोळ्या सुरक्षित होत्या. डॉक्टरांनी त्या भरभरून लिहिल्या.

पण मेंदू हुशार असतो. बाहेरून कुणी सतत ब्रेक दाबतंय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक सैल करतो. मग काही आठवड्यांत तीच गोळी कमी पडते. आणि गोळी एकाएकी थांबली की ब्रेकच नाही अशी गाडी उतारावर सुटते. थरथर, घाम, निद्रानाश, पूर्वीपेक्षा दुप्पट घबराट, आणि काही जणांना चक्क फिट येते. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं, या गोळ्यांतून लोकांना बाहेर काढण्यासाठी खास दवाखाना चालवला. गोळी हळूहळू कशी कमी करायची याची त्यांनी लिहिलेली पुस्तिका आजही जगभर वापरली जाते.

क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश बाहेर पडतं. त्यामुळे त्रास गोळी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी होईलच असं नाही, काही दिवसांनी सुरू होऊ शकतो. म्हणूनच घरच्यांना दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. आम्हाला लागला नाही, तसाच.

आणखी एक गैरसमज. "अर्ध्याचीच तर आहे, अगदी छोटी." श्रोतेहो, गोळीचा आकार आणि आकडा यावर जाऊ नका. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी ही साधारण दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीची असते. इथे आमच्याकडे कुणाला दहा मिलिग्रॅम डायझेपाम रोज रात्री आठ वर्षं दिलं, तर एव्हाना दहा लोकांनी विचारलं असतं.

भारतात नियम नाहीत असं समजू नका. मार्च २०१४ पासून या घराण्यातल्या काही गोळ्या तिथे एच-वन या यादीत आहेत. पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, आणि दुकानदाराने चिठ्ठी बघून, रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वहीत लिहून, ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. नियम आहे, पण ओळखही आहे. आपण आई-वडिलांसाठी फोन करून "काका, नेहमीच्या गोळ्या पाठवा" म्हणतो, तेव्हा तो नियम आपणच मोडत असतो.

मग आईचं काय झालं? रात्रीच १११ला फोन लावला. सकाळी जवळच्या सर्जरीत तिची तात्पुरती रुग्ण म्हणून नोंद केली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून सांगते: इंग्लंडमध्ये जीपीकडे जाऊन दाखवणं पाहुण्यांनाही मोफत असतं. चोवीस तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असाल, तर तात्पुरती नोंद करता येते. प्रवासाचा विमा असला तरी जीपीचं दार बंद नसतं.

मला वाटलं होतं, डॉक्टर गोळ्या बघून रागावतील. त्या रागावल्या नाहीत. आईला म्हणाल्या, "तुम्ही काही चूक केलेली नाही. तुम्हाला दिलेली गोळी तुम्ही घेतलीत. आता ती आपण मिळून सोडवू." मी भाषांतर केलं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वर्षं तिला वाटत होतं, आपल्याला व्यसन लागलंय आणि मुलीला कळलं तर लाज जाईल.

त्यांनी गोळी आधी परत सुरू केली. हो, परत सुरू केली. कारण आधी उतारावरची गाडी थांबवायची, मग सावकाश खाली आणायची. पुढच्या भेटीत क्लोनाझेपामऐवजी तेवढंच डायझेपाम दिलं, कारण ते शरीरात जास्त वेळ टिकतं आणि थोडंथोडं कमी करायला सोपं जातं. मग दर दोन-तीन आठवड्यांनी एक मिलिग्रॅम कमी. जिथे त्रास वाढला तिथे थांबायचं, मागे जायचं नाही, घाई करायची नाही. एप्रिलमध्ये आई परत निघाली तेव्हा डॉक्टरांनी पत्र दिलं, आणि सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पुढचं काम पुरं केलं. एकूण दहा महिने लागले. दहा महिने ऐकून घाबरू नका. आठ वर्षांच्या मानाने दहा महिने काहीच नाहीत.

पण गोळी गेली म्हणजे घबराट गेली असं नाही. गोळीखाली ती आठ वर्षं झाकलेली होती. तिच्यावर खरा उपाय काय?

पहिला उपाय, बोलून केलेला उपचार. सीबीटी म्हणतात त्याला. घबराट येते तेव्हा मनात कुठला विचार येतो, त्यामुळे आपण काय टाळतो, टाळल्यामुळे भीती कशी वाढते, हे उलगडून दाखवणारा आणि घरी अभ्यास देणारा उपचार. तो गोळीइतकाच गुणकारी ठरलेला आहे. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे तुम्ही स्वतः नाव नोंदवू शकता, जीपीची चिठ्ठी लागत नाही. इंग्रजीत मन मोकळं करता येत नसेल तर दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. धुमसणारं मन मातृभाषेतच बोलतं, त्यात कमीपणा नाही.

दुसरा उपाय, रोजची गोळी. इथे पहिल्यांदा बहुधा सर्ट्रालीन देतात. भारतात एस्सिटॅलोप्रॅम खूप दिली जाते. या एसएसआरआय घराण्यातल्या. आणखी एक जवळचं घराणं आहे, त्यात व्हेन्लाफॅक्सीन आणि ड्युलोक्सेटीन येतात. या गोळ्यांना डिप्रेशनच्या गोळ्या म्हणतात, म्हणून लोक दचकतात. "मला काही डिप्रेशन नाही, मग ही कशाला?" असं काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. नाव जुनं पडलंय एवढंच. घबराटीवरही त्या तितक्याच रीतसर वापरल्या जातात.

आता हे नीट ऐका, कारण बहुतेक लोक इथेच गोळी सोडतात. ही गोळी अर्ध्या तासात काम करत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला कधी दोन-तीन महिनेही. आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत घबराट उलट थोडी वाढू शकते. मळमळ, पोट बिघडणं, डोकेदुखी, झोप पुढे-मागे होणं हेही होतं. मागे आपला एक तरुण मुलगा, आयटीतला, सहाव्या दिवशी गोळ्यांचं पाकीट परत घेऊन आला. म्हणाला, "ताई, या गोळीने मी जास्तच घाबरतोय, मला चालत नाही." मी त्याला म्हटलं, डॉक्टरांशी बोल, ते म्हणाले तर डोस अर्धा कर, पण सोडून देऊ नकोस, दुसरा आठवडा जाऊ दे. तो पाचव्या आठवड्यात आला तो केवळ सांगायला, की सोमवारच्या मीटिंगआधी बाथरूममध्ये जाऊन बसावं लागलं नाही.

पण एक इशारा. तिशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार कधीकधी वाढतात. म्हणून डॉक्टर त्यांना आठवडाभरात परत बोलावतात. ती भेट चुकवू नका. घरी कुणी तरुण ही गोळी सुरू करत असेल, तर थोडं लक्ष असू द्या, आणि सरळ विचारा. विचारल्याने विचार येत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी आपली माणसं डॉक्टरांना सांगत नाहीत. या गोळ्यांमुळे शरीरसंबंधात अडचण येऊ शकते, इच्छा कमी होते, वेळ लागतो. लाजून गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. वयस्कर माणसांमध्ये रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजी-आजोबा अचानक गोंधळल्यासारखे वागायला लागले, तर रक्त तपासून घ्या. आणि गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असाल तर आधी विचारा, कारण दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते.

बरं वाटलं की बंद? नाही. बरं वाटल्यानंतर निदान वर्षभर ती चालू ठेवायची असते. मग हळूहळू कमी करायची. तिची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही, पण एकदम तोडली तर गरगरणं, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, असा त्रास होतो.

तिसरी गोळी, प्रोप्रॅनोलॉल. ही मनावरची नाही, हृदयाच्या ठोक्यांवरची आहे. सर जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी ती शोधली आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भाषणाआधी, मुलाखतीआधी धडधड आणि थरथर थांबवते, रात्रंदिवस चालणारी काळजी थांबवत नाही. पण दमा असलेल्याने ही गोळी घ्यायची नाही, श्वासनळ्या आवळतात. आणि जास्त प्रमाणात घेतली तर ती जिवावर बेतते. म्हणून ड्रायव्हिंग टेस्टला जाताना मैत्रिणीच्या पाकिटातली एक, असं कधीही करू नका. तिला दमा नसेल, तुम्हाला असेल.

चौथी, प्रेगॅबालिन. भारतात मधुमेहाच्या पायाच्या जळजळीवर आई-वडिलांना ती मिळालेली असते. इथे घबराटीवरही देतात. पण तिचीही सवय लागते, आणि कोडीन-मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांबरोबर घेतली तर श्वास मंदावू शकतो. म्हणून एप्रिल २०१९ पासून ब्रिटनमध्ये ती नियंत्रित औषधांत आहे.

आणि अश्वगंधा? मला माहीत आहे, डबा घरात आहे. आयुर्वेदिक आहे म्हणून डॉक्टरांना सांगायची नाही, असं नको. तिनेही गुंगी येऊ शकते, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. यादीत तिचं नाव लिहा. आणि घबराटीचं निदान करण्याआधी थायरॉइडही एकदा तपासून घ्या. वाढलेला थायरॉइड हुबेहूब घबराटीचं सोंग आणतो. दिवसातले सहा कप चहाही आणतात.

आता येण्या-जाण्याविषयी. तुमचे आई-वडील किंवा सासू-सासरे भारतातून येणार असतील, तर तिकीट काढताना चार प्रश्न विचारा. रात्री कुठली गोळी घेता? किती वर्षांपासून? चिठ्ठी कुणाची, कधीची? आणि किती दिवसांच्या आणता आहात? क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, प्रेगॅबालिन ही ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधं आहेत. ती स्वतःचीच आहेत हे दाखवणारं डॉक्टरांचं पत्र जवळ हवं. आणि तीन महिने किंवा त्याहून जास्त दिवसांचा साठा असेल, तर गृह खात्याचा परवाना लागतो. आमच्या आईने चार महिन्यांच्या आणल्या होत्या. नियम मोडला होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

गाडी चालवणाऱ्यांनीही ऐका. इंग्लंड-वेल्समध्ये मार्च २०१५ पासून डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांची रक्तातली मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. डॉक्टरांनी दिलेली, सांगितल्याप्रमाणे घेतलेली आणि गुंगी नसलेली, तर बचाव आहे. मावशीच्या पट्टीतली असेल तर नाही. आणि या गोळ्यांवर दारू तर नकोच नको.

कुणी आत्ता हे ऐकता ऐकता उठून कपाट उघडलं असेल. पट्टी हातात असेल. तर माझं एवढंच ऐका: ती आज कचऱ्यात टाकू नका. आजची गोळी आज घ्या, आणि उद्या डॉक्टरांची वेळ घ्या. एकदम थांबवणं हे शौर्य नाही, धोका आहे.

जीव अगदीच नकोसा झाला, तर १११ लावा आणि मानसिक त्रासासाठी दोन दाबा. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. जिवाला तातडीचा धोका असेल तर ९९९. आणि माझं हे बोलणं सर्वांसाठी आहे, तुमच्या एकट्यासाठी नाही. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आईचं सांगून थांबते. परवा रविवारी फोनवर म्हणाली, काल रात्री तीनला जाग आली. मी विचारलं, मग काय केलंस? म्हणाली, "काही नाही गं. बाबांची आठवण आली, थोडं रडले, पाणी प्यायले, अंगणात जाऊन पारिजातकाखाली बसले. पहाटे झोप लागली." आठ वर्षं जे दुःख गोळीखाली दबून होतं, ते आता रात्री बाहेर येतं, बसतं आणि परत जातं. ती म्हणते, तेवढं चालतं.

आता दर रविवारी मी तिला पहिला प्रश्न तोच विचारते. आई, कुठल्या गोळ्या चालू आहेत? ती हसते आणि यादी वाचून दाखवते. तुम्हीही या रविवारी विचारा.